ड्वार्फ नोव्हाचा उद्रेक तिन्ही पट्ट्यांत: कोल्हापुरातून कोणता तारा धरावा, आणि उपग्रहाचा डेटा कसा जोडावा?

गच्चीवरची_दुर्बीण

नमस्कार मंडळी. एम.एस्सी. भौतिकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला ड्वार्फ नोव्हा (श्वेतबटू आणि तांबड्या बटूची जोडी, जी अधूनमधून उद्रेक होऊन एकदम उजळते) घ्यायचं ठरतंय. जोडीदार ताऱ्याकडून येणाऱ्या द्रव्याची श्वेतबटूभोवतीची तबकडी उद्रेकात कशी बदलते ते दृश्य, अतिनील आणि क्ष-किरण अशा तिन्ही पट्ट्यांत दाखवायचं आहे.

सामान: १५० मिमी एफ/५ न्यूटोनियन, दोन्ही अक्षांवर मोटर असलेला ईक्यू-५ माउंट, ३.७६ मायक्रॉन पिक्सेलचा मोनो सीमॉस कॅमेरा (३००८ × ३००८, १४ बिट), जॉन्सन व्ही फिल्टर. जागा राजारामपुरीतली गच्ची, शनिवार-रविवार जमलं तर मसाई पठार.

डोक्यात एसएस सिग्नी आहे. सुमारे ५० दिवसांनी उद्रेक होतो, १२ व्या प्रतीवरून ८ व्या प्रतीवर येतो (प्रतीचा आकडा लहान तितका तारा तेजस्वी), म्हणजे एका सत्रात दोन-तीन तरी सापडतील असा हिशेब. अडचणी तीन:

१. एक्स्पोजर किती ठेवायचं? ८ आणि १२ प्रतीत चाळीसपट फरक आहे.
२. स्विफ्ट या अतिनील आणि क्ष-किरण उपग्रहाच्या अर्काइव्हमधून जुन्या उद्रेकाचा अतिनील डेटा काढला आणि माझ्या यंदाच्या व्ही मोजमापांबरोबर एकाच आलेखावर टाकला तर चालेल का? उद्रेक सगळे सारखेच दिसतात.
३. अतिनील उद्रेक उशिरा सुरू होतो असं वाचलं. आतली तबकडी जास्त तापते, मग तिथला प्रकाश आधी वाढायला नको का?

---

उत्तरा_फाल्गुनी

एसएस सिग्नी सोडा. ताऱ्यात खोट नाही, तो कोल्हापूरच्या पावसाळ्यात सापडतो एवढंच. विषुवांश (आकाशातलं पूर्व-पश्चिम स्थान) २१ तास ४३ मिनिटे, म्हणजे मध्यरात्री मध्यमंडलावर (उत्तर-दक्षिण रेषेवर, सर्वांत उंच) येतो ऑगस्टच्या मध्यात. तेव्हा पंचगंगा पात्र सोडून बाहेर असते. आभाळ खऱ्या अर्थानं उघडतं ऑक्टोबरच्या उत्तरार्धात, आणि तोवर हा तारा रात्री साडेआठलाच मध्यमंडल ओलांडतो. २० डिसेंबरला पावणेनऊच्या सुमारास ३०° च्या खाली. ५० दिवस ही सरासरी आहे, रेल्वेचं वेळापत्रक नव्हे. पदरात एक उद्रेक पडेल, फार तर दोन, आणि त्यातला चढ दिवसा झाला तर तोही गेला.

यू जेमिनोरम घ्या. जॉन रसेल हिंड यांना १८५५ मध्ये सापडलेला, या जातीचा पहिला तारा. विषुवांश ७ तास ५५ मिनिटे, क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचं उत्तर-दक्षिण अंतर) +२२° ०′. आपलं अक्षांश १६.७°, म्हणजे मध्यमंडलावर त्याची उंची ८४ अंशांच्या वर, जवळजवळ डोक्यावर. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात मध्यरात्रीच्या सुमारास माथ्यावर. ३०° च्या वर तो साडेआठ तास राहतो, आणि त्याचा कक्षाकाल आहे ४ तास १५ मिनिटं. एका रात्रीत दोन पूर्ण कक्षा मिळतात. शिवाय जोडीची प्रतल आपल्याकडे इतकी कललेली आहे की तांबडा बटू दर फेरीत तबकडीचा काही भाग आणि तिच्या कडेवरचा तप्त ठिपका झाकतो. म्हणजे उद्रेक मिळाला नाही तरी शांतकाळातल्या ग्रहणांवर अर्धा प्रकल्प उभा राहतो. एसएस सिग्नीत ही सोय नाही, तिथं ग्रहण होत नाही.

दोष सांगायलाच हवेत. याचे उद्रेक सरासरी १०० दिवसांनी, आणि त्यातही भरपूर पुढंमागं. शांतकाळात १४ वी प्रत, उद्रेकात ९ वी. म्हणून जोडीला एक-दोन लहान तारे ठेवा: कर्केतला वायझेड कँक्री (आठ-दहा दिवसांनी उद्रेक, अधूनमधून महाउद्रेक), मृगातला सीएन ओरायनिस (सुमारे १८ दिवस), सारथीतला एसएस ऑरिगी (५५ दिवसांच्या आसपास). तिघंही हिवाळी आकाशातले. पुस्तकात सगळीकडं भेटणारा व्हीडब्ल्यू हायड्री मात्र यादीत घेऊ नका. क्रांती −७१°, कोल्हापुरातून क्षितिजाच्या वर जेमतेम दोन अंश.

आता एक्स्पोजर. तुमच्या जोडणीत एका पिक्सेलला १.०३ विकला (अंशाचा ३,६०० वा भाग), क्षेत्र ५२ कला (अंशाचे साठावे भाग). तुलनेचे, म्हणजे ठाऊक तेजाचे, तारे आरामात मावतात. व्ही फिल्टरमधून ९ व्या प्रतीला १० ते २० सेकंद. याहून कमी नको: १५० मिमीच्या आरशाला १ सेकंदाच्या एक्स्पोजरमध्ये नुसत्या लुकलुकीमुळं ०.०१ प्रतीची चूक येते, १० सेकंदांत ती ०.००३ वर उतरते. १४ व्या प्रतीला ६० सेकंद. राजारामपुरीच्या आकाशात त्यात साधारण ०.०३ प्रतीची चूक राहील, मसाई पठारावर ०.०१५. ग्रहण पाहायला दोन्ही चालतात, गच्चीवरून बारीक थरथर (फ्लिकरिंग) मोजायची हाव मात्र धरू नका.

गेन कमीत कमी ठेवा, म्हणजे पिक्सेलची टाकी मोठी राहते. १४ बिट असूनही बहुतेक ड्रायव्हर आकडा चारनं गुणून ६५,५३५ पर्यंत दाखवतात, त्यामुळं फाइलमधला ६०,००० म्हणजे टाकी भरत आल्याची खूण. ताऱ्याचा माथा ४०,००० च्या आत ठेवा. कॅमेरा कुठवर सरळ रेषेत वाढतो ते एकदा तपासून घ्या: फ्लॅटचा एकसारखा प्रकाश, १ ते १० सेकंद चढते एक्स्पोजर, सरासरी आकड्याचा आलेख. रेष जिथं वाकते तिथं तुमची मर्यादा.

माप घेताना छिद्राची त्रिज्या प्रतिमेच्या अर्धरुंदीच्या दीड ते दोन पट. रात्रभर तीच ठेवा, मध्येच बदलू नका. उद्रेकातला तारा निळा असतो, बी-व्ही (निळ्या आणि व्ही फिल्टरमधल्या प्रतींतला फरक) शून्याच्या आसपास, आणि तुलनेचे तारे बहुधा पिवळे-तांबडे निघतात. तारा खाली उतरताना हवेचं शोषण दोघांवर सारखं होत नाही, त्यामुळं पहाटे खोटा उतार दिसतो. निदान एक तुलना-तारा निळ्याकडचा निवडा, आणि फिल्टर न लावता घेतलेलं माप 'व्ही' म्हणून नोंदवू नका.

---

क्ष_पट्टा

तिसऱ्या प्रश्नाचं आधी बघू, दुसऱ्याचं उत्तर त्यातूनच निघतं.

शांतकाळात तबकडी थंड असते, हायड्रोजन बहुतांशी उदासीन, घर्षण कमी. शेजारच्या ताऱ्याकडून येणारं द्रव्य आत सरकण्याऐवजी साचत राहतं. कुठल्या तरी कड्यात घनता हद्दीबाहेर गेली की तापमान ६,००० ते १०,००० केल्व्हिनच्या पट्ट्यात शिरतं, हायड्रोजन आयनित व्हायला लागतो, अपारदर्शकता एकदम चढते, उष्णता आत कोंडते, घर्षण सुमारे दहापट होतं. तो कडा तापला की शेजारचा तापतो. उसाच्या फडात पाचट पेटवल्यावर जाळ जसा सरीसरीनं सरकतो तशी ही तापलाट तबकडीत सरकते. योइची ओसाकी यांनी १९७४ मध्ये तबकडीच्या अस्थैर्याची कल्पना मांडली, हायड्रोजनच्या आयनीभवनाचं कारण नंतरच्या काही वर्षांत जुळलं.

लाट बाहेरून निघाली तर काय होईल? बाहेरचे कडे मोठे आणि तुलनेनं थंड, ते दृश्य प्रकाशात उजळतात. तबकडीची त्रिज्या काही लाख किमी, लाटेचा वेग सेकंदाला काही किमी. चार लाख किमी, सेकंदाला चार किमी, म्हणजे एक लाख सेकंद, सव्वा दिवस. तोवर आतली तबकडी थंडच असते. आतलं जास्त तापतं हे खरं, पण तिथं बातमी उशिरा पोचते. वर शांतकाळात तबकडीचा अगदी आतला भाग विरळ होऊन गेलेला असू शकतो, ते भोक भरायलाही वेळ लागतो.

शेवटी द्रव्य श्वेतबटूवर आदळतं तो सीमास्तर. वेगानं फिरणारी तबकडी आणि सावकाश फिरणारा तारा यांच्यामधला अरुंद पट्टा, आणि हिशेबानं एकूण ऊर्जेतला निम्म्यापर्यंत वाटा तिथं बाहेर पडतो. द्रव्य कमी येत असेल तर हा स्तर विरळ असतो, थंड होऊ शकत नाही, दहा किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या घरात तापतो आणि कठीण (जास्त ऊर्जेचे) क्ष-किरण देतो. आवक सेकंदाला साधारण दहाचा सोळावा घात ग्रॅमच्या वर गेली की स्तर दाट होतो, तापमान एक-दोन लाख केल्व्हिनवर उतरतं आणि ऊर्जा दूर-अतिनीलमध्ये जाते.

हे एसएस सिग्नीच्या ऑक्टोबर १९९६ च्या उद्रेकात लख्ख दिसलं. आरएक्सटीई (क्ष-किरण) आणि ईयूव्हीई (दूर-अतिनील) हे दोन उपग्रह आणि एएव्हीएसओ या चलताऱ्यांच्या निरीक्षक-संघटनेचे निरीक्षक अशी ती मोहीम. व्हीटली, मॉश आणि मॅटेई यांच्या विश्लेषणात दृश्य चढ सुरू झाल्यावर ०.९ ते १.४ दिवसांनी क्ष-किरण वाढू लागले, मग तीन तासांच्या आत एकदम कोसळले, आणि नेमक्या त्याच वेळी दूर-अतिनील उसळला. उद्रेक ओसरताना क्ष-किरण परत आले.

म्हणून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही, चालणार नाही. तीन तासांत चित्र उलटतं तिथं गेल्या दशकातल्या उद्रेकाचा अतिनील बिंदू आणि यंदाचा व्ही बिंदू एका आलेखावर ठेवून काहीच सिद्ध होत नाही. 'उद्रेक सारखे दिसतात' हेही दृश्य पट्ट्यापुरतं, आणि तेवढंही पुरतं खरं नाही. काही आतून बाहेर जातात, त्यांचा चढ मंद असतो आणि अतिनीलचा उशीर कमी. यू जेमला आठवड्याचे आणि दोन आठवड्यांचे असे दोन्ही प्रकारचे उद्रेक होतात.

बहुतरंगी निरीक्षणात व्ही वक्र हे घड्याळ. चढ कधी सुरू झाला हे तासाच्या अचूकतेनं ठाऊक नसेल तर उपग्रहाचा कितीही महागडा डेटा टांगायला खुंटी उरत नाही. आणि उद्रेकात क्ष-किरण पडतात, तोच तुमच्या प्रकल्पाचा मुख्य आलेख होईल.

---

गच्चीवरची_दुर्बीण

खूप आभार दोघांचे. यू जेम नक्की. म्हणजे माझा आलेख असा: व्ही वर, क्ष-किरण खाली, बरोबर? आणि खोडदची जीएमआरटी रेडिओ दुर्बीण एवढी जवळ आहे तर रेडिओही जोडता येईल का?

---

तप्त_ठिपका

थांबा, क्ष-किरण खाली असं आधीच काढून ठेवू नका. क्ष_पट्टा यांनी एसएस सिग्नीचं जे सांगितलं ते बरोबर, पण शेवटचं वाक्य सगळ्या ताऱ्यांना लागू नाही, आणि नेमका यू जेमच अपवाद आहे. त्याच्या उद्रेकात २ ते १० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे क्ष-किरण शांतकाळापेक्षा वाढलेले सापडले आहेत. दूर-अतिनीलही वाढतो, ईयूव्हीईनं तो मोजला होता, पण त्यामुळं कठीण पट्टा विझत नाही. 'दाट सीमास्तर आला की क्ष-किरण संपले' हे चित्र पुस्तकी आहे. प्रकल्पात हीच तुलना ठेवा, एसएस सिग्नी विरुद्ध यू जेम. परीक्षकांसमोर बोलण्यासारखं तिथंच काही आहे.

दुसरा सापळा. उद्रेकात यू जेमच्या क्ष-किरणांत कक्षीय खड्डे पडतात, कला (इथं: कक्षेच्या फेरीचा किती भाग झाला) ०.७ च्या आसपास, तबकडीच्या कडेवरचं उचललेलं द्रव्य मध्ये आलं की. स्विफ्ट ९६ मिनिटांत पृथ्वीभोवती फिरतो आणि एका फेरीत तारा त्याला काही मिनिटं ते अर्धा तास दिसतो. तुमच्या हाती तुटक तुकडे येतात, एक कला ०.१ चा, पुढचा ०.५ चा, त्यापुढचा ०.८५ चा. त्यातला एक खड्ड्यात पडला की 'क्ष-किरण विझले' असं लिहिण्याचा मोह होतो. आधी प्रत्येक तुकड्याची कला काढा, मगच बोला.

कला काढताना वेळ सूर्यकेंद्री (प्रकाश सूर्यापाशी पोचण्याची) लागते. यू जेम क्रांतिवृत्तापासून जेमतेम सव्वा अंशावर आहे, त्यामुळं पृथ्वी कुठल्या बाजूला आहे यावर पूर्ण ±८.३ मिनिटांचा फरक पडतो. २५५ मिनिटांच्या कक्षेत ते ०.०३ कला. ऑक्टोबरमधलं ग्रहण आणि जानेवारीमधलं ग्रहण ही दुरुस्ती न करता एकावर एक ठेवलीत तर नसलेला कालबदल सापडेल. (एसएस सिग्नीला ही दुरुस्ती पाचच मिनिटांची असते, तो क्रांतिवृत्तापासून दूर.) फाइलच्या मथळ्यातली वेळ बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये एक्स्पोजर सुरू झाल्याची असते, तिच्यात अर्धं एक्स्पोजर मिळवा. लॅपटॉपचं घड्याळ भारतीय वेळेवर असलं तर साडेपाच तास वजा. सगळी रात्र साडेपाच तासांनी सरकलेली असेल तर कला १.३ नं चुकते, आणि १.३ चा ०.३ होऊन बसतो, म्हणजे चूक लपून राहते. आपल्याला एक सोय आहे: ज्युलियन दिवस बदलतो संध्याकाळी साडेपाचला, त्यामुळं आपली अख्खी रात्र एकाच पूर्णांकात बसते.

जीएमआरटीचं: मोह समजतो, पण या प्रकल्पात नको. एसएस सिग्नीतून उद्रेकाच्या सुरुवातीला रेडिओ झळक येते हे २००८ मध्ये प्रसिद्ध झालं, पण ती ८ गिगाहर्ट्झच्या घरात मिलिजान्स्कीभर (जान्स्की हे रेडिओ तेजाचं एकक). जीएमआरटीचा वरचा पट्टा १.४५ गिगाहर्ट्झला संपतो. रेडिओची खरी कमाई वेगळीच झाली. हबलनं एसएस सिग्नीचं अंतर १६६ पार्सेक दिलं होतं. ते खरं धरलं तर तबकडीतून इतकं द्रव्य वाहायला हवं की ती कायम तापलेलीच राहील, उद्रेक व्हायलाच नकोत. २०१३ मध्ये रेडिओ दुर्बिणींच्या जाळ्यानं ११४ पार्सेक मोजलं आणि सिद्धांत वाचला, पुढं गाया उपग्रहानंही तेच दिलं. रेडिओत हा तारा उद्रेकातच दिसतो, म्हणून दुर्बिणी कधी वळवायच्या ते हौशी निरीक्षकांच्या नोंदींवरून ठरत होतं.

---

क्ष_पट्टा

मान्य. 'क्ष-किरण पडतात' हे एसएस सिग्नीपुरतंच वाचावं, मी सरसकट लिहायला नको होतं.

---

फुलेवाडी_रिंगरोड

सगळ्यांनी लै भारी लिहिलंय, पण भावा, तुझी खरी लढाई दव आणि धुराशी हाय.

कारखान्यांचा गळीत हंगाम आणि यू जेमचा हंगाम एकच. दिवाळीनंतर चिमण्या पेटतात, फडात पाचट जळतं, आणि संध्याकाळी थंडी पडली की तो धूर खाली बसतो. आठ-नऊ वाजेपर्यंत पूर्वेकडं तीस अंशांखाली काय बी मोजू नकोस. नुसत्या डोळ्याला आभाळ स्वच्छ वाटतं, आलेखात तुलनेचा तारा दहा मिनिटांत ०.२ प्रत खाली-वर जातो. फरकाच्या मापनात तो धूर बराचसा कटतो, कारण तारा आणि तुलना एकाच चौकटीत हायत. धुराचा लोट चौकटीच्या अर्ध्यातच असला तर कटत न्हाई. म्हणून एक तपासणी-तारा (तेज न बदलणारा आणखी एक तारा) कायम ठेव. त्याचा वक्र सपाट असेल तरच रात्र खरी.

नदीकाठच्या बाजूला डिसेंबर-जानेवारीत पहाटे धुकं येतं. न्यूटोनियनचा मोठा आरसा नळीच्या तळाशी सुरक्षित असतो, आधी घाम फुटतो तो दुय्यम आरशाला. त्याच्या मागं लहान हीटरची पट्टी लाव, नळीच्या तोंडाला काळ्या फोमशीटची टोपी कर, व्यासाच्या दीडपट लांब. दव पडायला लागलं की प्रत सगळ्या ताऱ्यांची एकसारखी उतरते आणि प्रतिमेभोवती धूसर वलय येतं. ते दिसलं की थांब, पुसत बसू नकोस.

मसाई पठारावर आकाश काळं, पण वारं. १५० चा न्यूटोनियन म्हणजे शीडच. माउंटचे पाय पूर्ण आत घे, गाडीच्या आडोशाला लाव. एक्स्पोजर ६० ऐवजी ३० कर, दोन-दोन जोड. लाईटचा भरवसा नको, १२ व्होल्टची बॅटरी वेगळी. हीटर आणि माउंट एकाच बॅटरीवर असले तर पहाटे तीनला व्होल्टेज पडून माउंट अडखळतो, आणि दोष गाइडिंगला मिळतो.

आणि चंद्र. हा तारा क्रांतिवृत्तावर बसलाय हे वर तप्त_ठिपका यांनी सांगितलंच. दर महिन्याला चंद्र त्याच्या शेजारून जातो, आणि पौषातल्या पौर्णिमेला तर जवळजवळ अंगावर. त्या तीन-चार रात्री १४ व्या प्रतीचा नाद सोड. उद्रेकात असला तर चालतंय, ९ व्या प्रतीला चंद्र काय करणार.

---

उत्तरा_फाल्गुनी

फुलेवाडी, फोमशीटवर सहमत. एकच भर: फ्लॅट त्या टोपीसकटच घ्या, नाहीतर चौकटीच्या कोपऱ्यांत उजेडाचं वाटप बदलतं.

आता उपग्रहाच्या डेटाचं व्यवहारी बोलू. तुमच्या यंदाच्या उद्रेकासाठी उपग्रह वळवून घेण्याचा अर्ज कोणीही करू शकतं, स्विफ्टला तशी सोय आहे, पण त्याच्या भरवशावर पदवी ठेवू नका. उलट्या बाजूनं चाला. अर्काइव्हमध्ये ज्या रात्रींचा स्विफ्ट डेटा आहे त्या रात्री आधी काढा, मग एएव्हीएसओच्या संग्रहात त्याच तासांची व्ही मापनं शोधा. यू जेम आणि एसएस सिग्नी दोघांवर जगभरातून इतक्या नोंदी आहेत की बहुतेक वेळा सापडतात. तुमची स्वतःची निरीक्षणं वेगळ्या प्रकरणात: ग्रहणं, चुका, आणि नशिबानं आलाच तर एक उद्रेक. ती एएव्हीएसओला पाठवत राहा. जपानात उजाडलं आणि युरोपात अंधार पडला नाही अशा तासांत आपल्या रेखांशावर माणसं थोडी आहेत, आणि चढ एका दिवसात उरकतो.

एकाच वेळचं म्हणजे किती जवळचं? चढावर एक तास. माथ्यावर अर्धा दिवस खपतो. शांतकाळात दिवसभराचं अंतर चालेल, पण कला सारखी हवी, नाहीतर ग्रहणातला व्ही आणि ग्रहणाबाहेरचा अतिनील जोडला जाईल.

यूव्हीओटीच्या (स्विफ्टवरच्या अतिनील-दृश्य दुर्बिणीच्या) प्रतिमेत माप ५ विकला त्रिज्येच्या छिद्रानं घ्यायचं, कॅलिब्रेशन त्यावरच बांधलेलं आहे. शांतकाळात अडचण नाही. उद्रेकात मात्र यू जेम यूव्हीओटीला डोईजड होतो. तो एकेक फोटॉन मोजणारा डिटेक्टर आहे, एका फ्रेममध्ये दोन फोटॉन एकाच जागी पडले तर एकच धरतो. ठरावीक हद्दीपर्यंत ही गळती दुरुस्त होते, पुढं आकडा निरर्थक. ९ व्या प्रतीचा निळा तारा त्या हद्दीच्या पार पलीकडं असतो. प्रतिमेत ताऱ्याभोवती काळा चौकोनी खळगा दिसला की ओळखा. अशा वेळी ग्रिझमचा वर्णपट असेल तर तो घ्या, किंवा ताऱ्यातून निघणाऱ्या उभ्या रेघेवरून तेज काढण्याची पद्धत वापरा. नसेल जमत तर उद्रेकाच्या अतिनीलसाठी मंद तारा बरा, वायझेड कँक्री किंवा एसएस ऑरिगी. फिल्टरांत यूव्हीएम२ ला पसंती द्या. बाकी दोन अतिनील फिल्टरांतून थोडा तांबडा प्रकाश गळतो.

ॲस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहाचा डेटा इस्रोच्या अर्काइव्हवर नोंदणी करून मिळतो. त्याची अतिनील दुर्बीण तेजस्वी ताऱ्यांकडं वळवतच नाहीत, डिटेक्टर जपायला, त्यामुळं ऐन उद्रेकातली यू जेमची प्रतिमा तिथं शोधण्यात वेळ घालवू नका.

---

तप्त_ठिपका

एकाच आलेखावर आणायचं तर प्रती टाकू नका. स्विफ्टचं माप व्हेगा पद्धतीत की एबी पद्धतीत (शून्य प्रत ठरवायच्या दोन वेगळ्या रीती) हे बघायला माणूस विसरतो आणि अतिनीलमध्ये दीड-पावणेदोन प्रतींचा घोळ होतो. सगळं वारंवारता गुणिले फ्लक्स या एककात आणा. व्ही शून्य प्रतीला सुमारे ३,६४० जान्स्की. ९.० प्रतीला ०.९१ जान्स्की, गुणिले ५.४५ × दहाचा चौदावा घात हर्ट्झ, म्हणजे ५ × दहाचा उणे नववा घात अर्ग प्रति चौरस सेमी प्रति सेकंद. १४.० प्रतीला बरोबर त्याचा शंभरावा भाग. तुमचा आकडा याच्या आसपास आला नाही तर एकक चुकलंय.

क्ष-किरणांसाठी लेस्टर विद्यापीठाचं ऑनलाइन साधन तयार वर्णपट आणि वक्र देतं, पण उद्रेकातल्या तुकड्यांना एक चाळणी लावा. तारा दृश्य प्रकाशातच इतका तेजस्वी असतो की क्ष-किरण दुर्बिणीच्या सीसीडीत साध्या प्रकाशाचे फोटॉन साचून मऊ क्ष-किरणांचं सोंग आणतात. ०.५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या खाली अचानक डोंगर दिसला तर तो सीमास्तराची शेपूट आहे की हे सोंग, ते ठरवल्याशिवाय मॉडेल बसवू नका. आधी ०.५ च्या वरचा भाग बसवा, मग खाली उतरा.

---

गच्चीवरची_दुर्बीण

ठरलं: गच्चीवरून यू जेम, साथीला वायझेड कँक्री, अर्काइव्हमधून यू जेम आणि एसएस सिग्नीची तुलना. शेवटचं एकच. स्विफ्टच्या यादीत यू जेमचे जून ते ऑगस्टचे तुकडे जवळजवळ नाहीतच. शोध चुकतोय का माझा?

---

क्ष_पट्टा

शोध बरोबर आहे. २० जुलैच्या सुमारास सूर्य यू जेमच्या अंगावरच असतो, आणि स्विफ्ट सूर्यापासून ४६ अंशांच्या आत बघत नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यापासून सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत त्यालाही सुट्टी. तुमचा पावसाळा आणि त्याचा पावसाळा एकच आहे.